गाव, वही आणि सेमिनार: कोकणात सामाजिक मानवशास्त्राचे संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडातल्या महाविद्यालयातून समाजशास्त्र, इतिहास किंवा मराठी घेऊन पदवी मिळवलेले आणि पुढे सामाजिक मानवशास्त्रात संशोधन करू पाहणारे विद्यार्थी भेटायला येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा एक तयार शीर्षक असते: ‘कोकणातील मच्छीमार समाजाचा सामाजिक व सांस्कृतिक अभ्यास’. या शीर्षकात चूक अशी काही नाही. फक्त त्यात प्रश्न नाही, आणि प्रश्न नसल्यामुळे गावात गेल्यावर काय पाहायचे हेही त्यातून कळत नाही. प्रवेशाच्या अर्जापासून प्रबंधाच्या शेवटच्या वाचनापर्यंतचा रस्ता नव्याने येणाऱ्याला ठाऊक असावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. त्यातला मोठा भाग वही आणि सेमिनार या दोन गोष्टींवर खर्च केला आहे, कारण बाकीचे नियम कोणत्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सापडतात, पण या दोहोंविषयी सहसा कोणी समोर बसवून सांगत नाही.

विभाग आणि प्रवेश

विभागाच्या दारावरच्या पाटीवरून फसू नका. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९२४ पासून त्याची धुरा गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये जन्माने मालवणचे. जात, आदिवासी, नातेसंबंध हे त्यांचे विषय आज आपण सामाजिक मानवशास्त्रात मोडू, पण विभागाचे नाव समाजशास्त्रच राहिले. इरावती कर्वे यांनी एम. ए.चा प्रबंध घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली लिहिला, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र व मानवशास्त्र हे दोन्ही विषय एका छताखाली नांदवले. त्यामुळे महाराष्ट्रात या दोन विद्यांमधली भिंत पूर्वीपासून पातळ आहे. पुण्याच्या विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे मानवाच्या शारीरिक उत्क्रांतीचाही अभ्यास असतो. तुम्हाला गावात राहून माणसांच्या रीतीभाती, देवाणघेवाण आणि नातीगोती यांवर काम करायचे असेल, तर पाटीपेक्षा मार्गदर्शकाने आजवर कशावर लिहिले आहे आणि त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनी गावात किती काळ काढला आहे, हे शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले) दोन-तीन प्रबंध उघडून पाहावे. प्रबंधात नुसते तक्ते आणि टक्केवारी असेल, एकाही माणसाचे बोलणे किंवा एकाही दिवसाचे वर्णन नसेल, तर तो विभाग चांगला असूनही तुमच्या कामाचा नसू शकतो.

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर मुलाखत, असा क्रम असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि साधारणपणे कमाल ६ वर्षे मिळतात, किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, त्यात संशोधन व प्रकाशन यांच्या नीतिमत्तेचा भाग असतो, आणि दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे कामाचा अहवाल ठेवावा लागतो. हे आकडे गावच्या पंचांगाशी ताडून पाहावेत. सहा वर्षांत शिमगे सहाच येतात. पहिला अभ्यासक्रमात जातो, शेवटचा लिहिण्यात, आणि एखादा तुमच्या आजारपणात किंवा गावातल्या सुतकात. शिमग्यावर काम करायचे असेल, तर प्रत्यक्षात हाती तीनच लागतात.

विषयातून प्रश्न काढणे

विषय म्हणजे नकाशावरचा तालुका आणि प्रश्न म्हणजे त्यातली पायवाट, असे धरून चाला. चांगल्या प्रश्नाची एक खूण अशी की, त्याच्या उत्तरासाठी कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणाशेजारी उभे राहायला हवे हे लगेच सांगता येते.

उदाहरणे कोकणातलीच घेऊ. खोतीची पद्धत १९४९च्या कायद्याने संपली, हे पुस्तकात मिळते. मग पालखी आजही खोताच्या अंगणात आधी थांबते का, थांबत असेल तर त्याचे कारण गावकरी काय देतात, आणि थांबत नसेल तर कोणत्या वर्षापासून व कोणत्या भांडणानंतर थांबेनाशी झाली, हा प्रश्न पायी चालून सोडवण्यासारखा आहे. दुसरे उदाहरण मासेमारीचे. पावसाळ्यात, साधारण १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळात घर उधारीवर चालते. ती उधारी दुकानदार देतो, होडीचा मालक देतो, की मासळी घेणारी व्यापारीण देते, आणि ऑगस्टमध्ये पहिली मासळी आल्यावर ती कोणाकडे आधी जाते? या एका प्रश्नात कर्ज, नाते, बाजार आणि बायकांचा व्यवहार हे चारही येतात. तिसरे उदाहरण चाकरमान्यांचे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, आणि रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११००हून अधिक स्त्रिया नोंदल्या गेल्या. अर्थात ज्या गावाचा अभ्यास करायचा, त्याचे निम्मे निर्णय मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या रविवारच्या बैठकीत होत असतील, तर ती बैठकही तुमचे क्षेत्रच आहे. लालबाग-परळकडच्या एखाद्या खोलीत पंधरा माणसे देवळाच्या सभामंडपाच्या वर्गणीवरून भांडताना पाहणे हे कोकणाबाहेर जाणे समजू नये.

जाण्यापूर्वीचे वाचन

१८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड आधी वाचावा. त्यात जाती, बंदरे, पिके, जमीनधारा यांची माहिती भरपूर आहे, आणि ती कोणाच्या सोयीसाठी गोळा केली होती हेही ओळींमधून दिसते. त्याबरोबर कोकणातल्या लोकसमजुतींचा १९१५चा संग्रह पाहण्यासारखा आहे. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली ही सामग्री आर. ई. एन्थोवेन यांनी त्यांच्या पश्चात संपादित केली. त्यातल्या बऱ्याच नोंदींखाली माहिती देणारा म्हणून अमुक गावचा शाळामास्तर असा उल्लेख येतो, कारण प्रश्नावली गावोगावच्या मास्तरांकडे पाठवून ही उत्तरे मागवलेली होती. मास्तरांनी काय लिहिले ते आपल्याला कळते. त्यांना ते कोणी सांगितले, की त्यांनी स्वतःच्या घरचेच गावाच्या नावावर लिहिले, हे कळत नाही. त्याच सुमारास, १९१५ ते १९१८ या काळात, ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला आणि लोकांचे रोजचे जगणे टिपत बसला. सामाजिक मानवशास्त्राने पुढे हीच वाट धरली. तुमच्या आराखड्यात दोनशे छापील प्रश्नावल्या असतील, तर तुम्ही अजून शाळामास्तरांच्या काळात आहात.

गावात शिरणे

विभागाचे पत्र, ग्रामपंचायतीला अर्ज, मच्छीमार सोसायटी असेल तर तिच्या अध्यक्षांची भेट, ही कागदाची परवानगी एका दिवसात होते. माणसांची परवानगी निराळी, आणि ती प्रत्येक वाडीत पुन्हा मागावी लागते. देवळाच्या बाबतीत मानकऱ्यांना, मोहल्ल्यात जमातीच्या वडीलधाऱ्यांना आणि बंदरावर ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नये. सरपंचाने दिलेला होकार हा गावाचा होकार असतो, असे मानणाऱ्यांचे पहिले दोन महिने वाया जातात.

कोकणात पहिली मुलाखत तुम्ही घेत नाही, ती तुमची होते. ‘खंयचे? कोणाचे? आवशीचा माहेर खंय?’ एवढ्या तीन प्रश्नांत तुमचे आडनाव, वाडी, जात आणि कोणत्या घराशी तुमचे जमते वा जमत नाही, हे समोरच्याने ताडलेले असते. या प्रश्नांचा राग मानू नये. ते जसेच्या तसे टिपून ठेवावेत, कारण ज्या पद्धतीने तुम्हाला जागा दिली गेली, त्याच पद्धतीने गावात प्रत्येकाला जागा मिळत असते.

आपल्याच गावात संशोधन करणाऱ्यांना हे सोपे वाटते आणि तेच जास्त अडकतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक काम सक्तीने करावे: स्वतःच्या घराची चार पिढ्यांची वंशावळ काढावी, भावकीतली कोणती घरे बोलत नाहीत ते लिहावे, आणि गावातल्या कोणत्या दारात आपण आजवर कधीच पाय ठेवलेला नाही त्याची यादी करावी. प्रबंधातली महत्त्वाची माहिती बहुधा त्या दारांमागे असते. वंशावळीचे तंत्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी टोरेस सामुद्रधुनीच्या १८९८च्या मोहिमेत वापरायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याला जोड म्हणून सातबारा, फेरफार आणि ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंद ठेवली, तर सांगितलेली भावकी आणि कागदावरची भावकी यांतला फरक चटकन दिसतो.

मुलींसाठी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. अनेक बंदरांवर बायकांना होडीवर नेत नाहीत, आणि त्यावरून वाद घालत बसण्यात पहिला हंगाम घालवू नये. मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरचा जवळजवळ सगळा व्यवहार बायकांच्या हातात असतो. हर्णैला संध्याकाळी लिलावाच्या वेळी उभे राहा, किंवा एखाद्या गावात सुकवणीच्या जागेवर बसा. तिथे पुरुष संशोधकाला जे कोणी सांगणार नाही ते तुम्हाला ऐकायला मिळेल.

पंचांग जुळवणे

मासेमारी, शेती आणि देव यांची वेळापत्रके वेगळी चालतात. जून-जुलैत लावणी, भाद्रपदात चाकरमानी, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र, कार्तिकापासून जत्रा आणि दशावतार, फाल्गुनात शिमगा, मे महिन्यात आंबा आणि लग्ने. रत्नागिरीकडे काम करणार असाल, तर गावचा शिमगा तेरसाचा (त्रयोदशीचा) की भद्रेचा (पौर्णिमेचा), हे आधी विचारून ठेवा; नाहीतर पौर्णिमेला बॅग घेऊन पोहोचाल आणि होळी दोन दिवसांपूर्वीच उभी झालेली असेल.

वही

दोन वह्या ठेवाव्यात. खिशातली लहान वही जागेवर तुटक शब्द टिपण्यासाठी, आणि घरातली मोठी वही त्याच रात्री ते शब्द उलगडून सविस्तर लिहिण्यासाठी. ‘त्याच रात्री’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत. दोन रात्री गेल्या की आठवणीत राहते ते वर्णन नसते, मत असते.

मालवणच्या दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे) ओढताना माझ्या खिशातल्या वहीत एका सकाळी उतरले ते असे:

‘६.४० दोर लागले. उत्तर दोराला ११, दक्षिण ९. बायका टोपल्या घेऊन वर, माडाखाली. गणवेशातला पोर, दप्तर वाळूत, उत्तर दोर. ७.३५ जाळे. बांगडा, पेडवे. केंड फेकले. पोर ५ बांगडे दप्तराच्या पिशवीत, गेला. वाटे मागाहून.’

रात्री मोठ्या वहीत याची साडेतीन पाने झाली. अकरा माणसांपैकी कोण कोणाचा कोण, दोर ओढताना कोणामागे कोण उभे राहिले, वाट्यांचे ढीग वाळूत कोणत्या क्रमाने पडले, जाळ्यात हिस्सा असलेल्यांचे आणि नुसते ओढायला आलेल्यांचे ढीग कसे वेगळे होते, त्यावर कोण बोलले आणि कोण गप्प राहिले. या पानांचे पुढे काय झाले, ते सेमिनारच्या भागात सांगतो.

मोठ्या वहीच्या पानावर उजवीकडे चौथाई जागा मोकळी सोडावी आणि आपली मते, शंका, चीड, अंदाज तिथेच लिहावेत. पाहिलेले आणि वाटलेले एका ओळीत मिसळले, की वर्षभराने तुम्हालाच ते वेगळे करता येत नाही.

साहित्याविषयी दोन शब्द, कारण यात माझे नुकसान झालेले आहे. पहिल्या पावसाळ्यात मी जेल पेनाने लिहीत असे, आणि जुलैतल्या एका दुपारी पडवीत ठेवलेल्या वहीवर वळचणीचे पाणी आले. एका आठवड्याची पाने निळ्या डागांची झाली. तेव्हापासून साधे बॉलपेन किंवा पेन्सिल, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि दर रविवारी पानांचे फोटो काढून घरच्या कोणाकडे तरी पाठवून ठेवणे, हा नेम आहे. घुर्ये यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांच्या रामपुरा गावावरच्या टिपणांच्या तिन्ही प्रती एकाच इमारतीत होत्या, आणि १९७० साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्या सापडल्या. त्यांनी पुढे आठवणीतून ग्रंथ लिहिला आणि तो १९७६ साली गाजला. पण ती स्मरणशक्ती श्रीनिवासांची होती. आपण प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात हे बरे.

विचारण्याची रीत

‘तुमच्या गावात जातिभेद आहे का?’ असे विचारले, तर ‘नाही, आमच्याकडे सगळे एकोप्याने राहतात’ हे उत्तर ठरलेले आहे, आणि उत्तर देणारा खोटेही बोलत नसतो. त्याने पाहुण्यासमोर गावाची अब्रू राखलेली असते. त्याऐवजी गेल्या वर्षीची पालखी कोणत्या वाटेने गेली, पहिले घर कोणते, कोणत्या वाडीत ती आत गेली आणि कुठे वेशीवर थांबली, गाऱ्हाणे कोणी घातले आणि ‘होय महाराजा’ म्हणायला कोण उभे होते, असे विचारत जावे. मत विचारले की सभेतले उत्तर मिळते. घडलेली गोष्ट विचारली की माणसे वाकून जमिनीवर काडीने नकाशा काढू लागतात. ‘सहसा काय करतात?’ याऐवजी ‘गेल्या खेपेला काय झाले?’ हा प्रश्न तोंडात बसवून घ्यावा.

शब्द जसे उच्चारले तसे टिपावेत. मालवणी, संगमेश्वरी, दालदी मच्छीमारांची बोली, आगरी-कोळी यांतले शब्द प्रमाण मराठीत ओतले, की अर्थ निसटतो. ‘मान’ हा शब्द घ्या. त्याचे इंग्रजीत एका शब्दात भाषांतर करून मोकळे होण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण मान वारशाने येतो, त्यावरून कोर्टकज्जे होतात, तो गहाण पडू शकत नाही, त्याच्याबरोबर खर्चाची जबाबदारी येते, आणि कुटुंब मुंबईला गेले तरी नारळ त्याच घराच्या नावाने फुटतो. असा शब्द प्रबंधात मुळातूनच ठेवावा आणि त्याला दोन पाने द्यावीत. ‘कौल’चेही तसेच. देवाच्या मूर्तीला लावलेला कळा (कौलासाठी लावतात ते फूल वा पान) उजवीकडून पडला की होकार आणि डावीकडून पडला की नकार, एवढे कोणीही सांगेल. कळा किती वेळ पडला नाही, मध्ये प्रश्न बदलून पुन्हा कोणी घातला, आणि नकार आल्यावर त्या घरच्यांनी काय केले, हे तिथे बसलेल्यालाच दिसते.

ध्वनिमुद्रण विचारूनच करावे. माझा अनुभव असा की, यंत्र बंद करून चहा आला की खरे बोलणे सुरू होते, आणि ते टिपण्यासाठी कान आणि रात्रीची वही पुरते.

सेमिनार

विभागात आठवड्याला किंवा पंधरवड्याला सेमिनार होतो. कोणीतरी आपले चालू काम मांडतो, चर्चक त्यावर बोलतो, मग प्रश्न. रत्नागिरी-कुडाळकडून येणाऱ्यांना रात्रभर रेल्वेने मुंबई गाठून दोन तासांच्या बैठकीला बसणे हा अपव्यय वाटतो, आणि पहिल्या वर्षी बहुतेक जण मागच्या बाकावर बसून गप्प राहतात. तरीही जावे. मालिनोव्स्कीचे नाव आपण बेटांमुळे घेतो, पण परत आल्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्याने चालवलेल्या सेमिनारातून पुढची पिढी घडली. गावातले काम चारचौघांत वाचून तपासायची सवय या विद्येला तिथे लागली.

ऐकायला जाताना निबंध आधी मिळाला असेल, तर तो वाचूनच जा आणि समासात एकच गोष्ट शोधा: लेखक हे स्वतः पाहून सांगतो आहे, ऐकून सांगतो आहे, की कोणाच्या पुस्तकातून घेतो आहे? निम्मे चांगले प्रश्न या एका खुणेतून निघतात. नवख्याने विचारण्यास योग्य प्रश्न लहान असतो. ‘त्या बैठकीत बायका कुठे बसल्या होत्या?’ हा प्रश्न विचारायला सिद्धांत लागत नाही, पण त्याने मांडणाऱ्याचे पान उघडे पडते किंवा भक्कम होते. प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचे पाच मिनिटांचे भाषण करणारे प्रत्येक विभागात दोघे-तिघे असतात. त्यांच्याकडून काय करू नये ते शिकावे.

स्वतःची पाळी आली की वीस मिनिटांत बसेल एवढेच आणावे. सुरुवातीची दहा मिनिटे पाश्चात्त्य विचारवंतांच्या नावांत घालवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, आणि मला ती अजिबात पटत नाही. वहीतल्या एका दिवसाचे वर्णन टंकून सगळ्यांना एकेक पान द्यावे, ते वाचावे, मग त्यातून तुम्हाला काय दिसते ते सांगावे. इंग्रजीत बोलावे लागत असेल, तर माणसांची वाक्ये तरी त्यांच्याच बोलीत आधी वाचावीत आणि मग अर्थ सांगावा. आपले इंग्रजी अडखळते म्हणून कमीपणा वाटून घेऊ नये; रापण पाहिलेली व्यक्ती त्या खोलीत बहुधा तुम्ही एकटीच असता.

माझ्या पहिल्या मांडणीत मी वर दिलेली रापणीची सकाळ घेतली होती आणि त्यावरून किनाऱ्यावरचा सहकार, वाटून घेण्याची परंपरा असे बरेच काही म्हटले होते. गणवेशातल्या पोराला पाच बांगडे मिळाले, हा माझा पुरावा. मागे बसलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, ‘बांगडे त्याला कोणी दिले? हातात दिले, की त्याने स्वतः उचलले?’ मला सांगता आले नाही. वहीत ‘पोर ५ बांगडे’ एवढेच होते, आणि ‘मिळाले’ हे क्रियापद मी रात्री माझ्याकडून घातले होते.

पुढच्या खेपेला मी तेवढेच पाहायला गेलो. तीन आठवड्यांत जे दिसले ते असे की, रापणीच्या वाडीतली मुले जाळे आल्यावर स्वतःच्या हाताने चार-पाच मासे उचलत, आणि मोठी माणसे त्या वेळी दुसरीकडे पाहत. शेजारच्या वाडीतून आलेली मुले दोर तितकाच ओढत, पण ती उभी राहत, आणि कोणीतरी हाक मारून त्यांच्या पुढ्यात मासे टाकी. एकाने उचलायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे. आपले कोण आणि परके कोण, ही रेषा वाट्यांच्या हिशेबात कुठेच नव्हती. ती या एका हालचालीत होती. प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्या प्रश्नातून निघाले.

म्हणून सेमिनारात तीन पथ्ये पाळावीत. उत्तर ठाऊक नसेल, तर ‘पाहिलेले नाही, परत जाऊन पाहतो’ असे म्हणावे. त्याने पत जात नाही, बनवून सांगितले तर जाते. आपण बोलत असताना प्रश्न टिपता येत नाहीत, म्हणून ते काम एखाद्या मित्राकडे द्यावे आणि परतीच्या गाडीत ते वाचावेत. आणि श्रोत्यांत कोणी पालघरचा किंवा वेंगुर्ल्याचा असेल आणि तो ‘आमच्याकडे असे नसते’ म्हणाला, तर वाद न घालता त्याला चहाला घेऊन जावे.

नावे आणि गुपिते

टोपणनाव दिले की ओळख लपते, हा शहरी समज आहे. ‘एका किनारी गावातील महिला सरपंच’ म्हटले की तालुक्यातल्या प्रत्येकाला नाव कळते. त्यामुळे नावाबरोबर वाडी, वय, व्यवसाय यांतलेही काही बदलावे लागते, किंवा दोन प्रसंग वेगळे करून लिहावे लागतात. पर्ससीन (यांत्रिक होडीवरून मासळीला घेरणारे मोठे जाळे) वापरणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातल्या तंट्यावर काम करणाऱ्यांनी तर विशेष जपावे: बंदीच्या दिवसांत कोण समुद्रात गेले, जाळ्याचे आस (भोके) किती लहान होते, ही माहिती तुमच्या वहीतून बाहेर पडली, तर कोणाच्या तरी परवान्यावर येते. खरी नावे आणि टोपणनावे यांची यादी वहीत ठेवू नये, वेगळ्या ठिकाणी ठेवावी. देवस्की, करणी, मानाचे खटले यांत ऐकलेल्या आरोपांना लिखाणात जागा देताना मार्गदर्शकाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

संमतीच्या छापील कागदावर सही घेण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे. पण रायगडातल्या कातकरी वाडीवर कागद पुढे केला, की माणसे मागे सरतात. उचल, वेठ आणि जमीन या सगळ्यांत अंगठ्याने त्यांचे काय झाले आहे, हे त्यांच्या लक्षात असते. अशा ठिकाणी समितीला कारण लिहून देऊन तोंडी संमतीची मुभा घ्यावी, आणि ती संमती दर भेटीत पुन्हा विचारावी.

लिहिणे आणि परत नेणे

क्षेत्रकार्य संपल्यावर लिहायला बसू, असे ठरवणाऱ्यांचे लिहिणे लांबतच जाते. दर तीन महिन्यांनी वहीतून एक प्रसंग घेऊन दहा पाने लिहावीत आणि ती सेमिनारात ठेवावीत. सल्लागार समितीचा सत्राचा अहवालही त्यातूनच तयार होतो. सिद्धांताचे प्रकरण शेवटी लिहिले तरी चालते.

प्रकरणाचा मसुदा झाला, की तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना मराठीत वाचून दाखवावा. मी रापणीचे प्रकरण घेऊन त्या किनाऱ्यावर गेलो, तेव्हा सात-आठ जण जाळे विणत ऐकत बसले होते. आपला-परका या भागावर कोणी काही बोलले नाही. दोघे एकमेकांकडे बघून हसले, एवढेच. शेवटी सगळ्यांत वयस्कर गृहस्थ म्हणाले, ‘बाकी सगळा बरोबर आसा, पण त्या दिसा उत्तरेक अकरा न्हय, बारा होते. तू मोजलंस तेव्हा माझो झील (मुलगा) पाण्यात होतो.’ ती दुरुस्ती कोणी आणि कधी सांगितली याच्या नोंदीसह, बदललेल्या नावाने, मी तळटीपेत घातली.